निंबादित्याच्या गावी

आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथ येथे आज लक्ष्मीनारायणाची पूजा होते. परंतु तेथील परमार जगद्देवाच्या काळचा संस्कृत शिलालेख निंबादित्याचे मंदिर उभारल्याचे सांगतो. निंब आणि सूर्य एकाच नामात नांदत असलेले पाहून औषधी काढ्याचा इतिहास तेथेच शोधण्याचा मोह होतो. पण नाव म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्ही वकिलीत शिकलो आहोत.

पुरावा आहे तो शार्ङ्गधरसंहितेत. क्वाथासाठी १ पल भरड औषधीत १६ पट पाणी घालून ते मातीच्या भांड्यात मंद आचेवर अष्टमांश उरेपर्यंत आटवावे. फांटासाठी मात्र तेवढ्याच औषधीवर चौपट कढत पाणी ओतून वस्त्राने गाळावे. सुट्या पानांचा ‘हर्बल टी’ म्हणून आज जे विकले जाते, ते या फांटाचेच नवे रूप होय.

कोकणीतील धणेजिऱ्यांचे कषाय आणि आमच्याकडील तुळस-आल्याचा काढा ही त्याच कुळातील. त्यांचे माप मात्र ग्रंथात नसून घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या चिमटीत राहिले. जैनथचा लेख दगडावर होता म्हणून वाचला; आजीची चिमूट तिच्याबरोबरच जाते. ती वेळीच लिहून ठेवावी, एवढीच वाचकांस आमची विनंती.