हजेरीची नोंद, छातीची नोंद

नाहूर-भांडुप-घाटकोपर पट्ट्यात राबलेल्या कामगारांचा इतिहास लिहायचा, तर साधने कोणती? हजेरीपट मिळतो, पगारपत्रक मिळते, संपाचे पत्रक मिळते. कामगाराच्या फुफ्फुसाची नोंद मात्र मिळत नाही. माझे वडील याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात आयुष्यभर राबले. त्यांच्या उशिराची नोंद झाली, खोकल्याची झाली नाही. कारण नोंद कशाची ठेवायची हे मालक ठरवीत होता.

कोणत्या खात्यात कोणी राबायचे, हे जात ठरवीत होती. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. तिथे धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! 1928 च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उभा केला. पण कोणत्या खात्याने कोणाचे शरीर कसे पोखरले, हा हिशेब कामगार चळवळीने क्वचितच मागितला.

ॲस्बेस्टॉसचे उदाहरण घ्या. इंग्लंडात रॉचडेलच्या टर्नर कारखान्यातील नेली केरशॉ 1924 साली या धुळीने मेली. 1931 साली तिथे कामगारांच्या वैद्यकीय तपासणीचा नियम झाला. याच टर्नर अँड न्यूॉल समूहाची घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो ही कंपनी होती. आपल्याकडे धोकादायक कामातील प्रत्येकाची नेमणुकीपूर्वी आणि नंतर दरवर्षी तपासणी करणे व आरोग्याची नोंद ठेवणे मालकावर बंधनकारक झाले ते 1987 साली, तेही 1984 च्या भोपाळनंतर. 27 जानेवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोग्य हा कलम 21 मधील हक्क मानला. ॲस्बेस्टॉस कामगाराची नोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षे, यांपैकी जे नंतर संपेल तोवर जपावी, असा आदेश दिला. इतकी वर्षे का? कारण हा रोग दशकांनी उमटतो, तेव्हा कामगार निवृत्त झालेला असतो.

हिंदुस्थान फेरोडोचे नाव पुढे हिंदुस्थान कंपोझिट्स झाले. तिथल्या 181 कायम कामगारांची तपासणी डॉ. मुरलीधर व विजय कान्हेरे यांनी 2005 साली प्रसिद्ध केली. पाचांतल्या एकाहून अधिकांना ॲस्बेस्टॉसिस आढळला. असे रुग्ण क्षयाचे किंवा जुनाट ब्राँकायटिसचे म्हणून खपवले जातात आणि भरपाई बुडते, हेही त्यांनी दाखवले. कंत्राटी कामगार तर या मोजणीतही नव्हते.

1948 चा कारखाना कायदा आता 2020 च्या संहितेत विलीन झाला आहे. कायद्याचे नाव बदलले, तरी छातीवरची धूळ तीच आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी पगारपत्रकाइतक्याच हट्टाने एक्स-रेची प्रत मागावी. विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतल्या निवृत्तांची खाती, वर्षे आणि आजार लिहून काढावेत. ज्याची नोंद नाही त्याची भरपाई नाही, आणि त्याचा इतिहासही नाही.