विद्युत दिव्याचे आयुर्मान आणि अभियंत्याची भूमिका : फिबस संघाचा ऐतिहासिक अभ्यास (१९२४-१९३९)

प्रस्तावना :
तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोधांची व शोधकर्त्यांची नोंद आवर्जून घेतली जाते. एखादी वस्तू किती काळ टिकावी हे कोणी व कशाच्या आधारे ठरविले, याकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तूचे आयुष्य नैसर्गिक असते, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक ते आरेखनाच्या टप्प्यावरच बऱ्याच अंशी निश्चित होते. प्रस्तुत लेखात विजेच्या साध्या दिव्याच्या उदाहरणावरून या प्रक्रियेचा विचार केला आहे.

दिव्याचे शास्त्र :
१८७९ मध्ये एडिसनने कार्बन तंतूचा दिवा यशस्वी केला. पुढे विल्यम कूलिज यांनी टंगस्टनची बारीक तार ओढण्याची पद्धत शोधली, तर १९१३ च्या सुमारास आयर्विंग लँगम्यूर यांनी वायूभरित दिवा सिद्ध केला. तापलेल्या तंतूतून टंगस्टनचे सतत बाष्पीभवन होते. तंतू झिजत जातो आणि अखेर तुटतो. तंतू जितका अधिक तापवावा, तितका प्रकाश शुभ्र व विजेच्या मानाने जास्त मिळतो. पण आयुष्य घटते. दिव्याला मिळणारे व्होल्टेज ५ टक्क्यांनी कमी केल्यास त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते. मात्र प्रकाश सुमारे १६ टक्क्यांनी कमी होतो.

कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर येथील अग्निशमन केंद्रात १९०१ पासून लावलेला दिवा दीर्घायुष्याचा नमुना म्हणून नेहमी सांगितला जातो. तो आज केवळ सुमारे ४ वॅटइतका मंद जळतो, हा तपशील सहसा सांगितला जात नाही. तात्पर्य, 'जास्त टिकणारा तो चांगला' हे समीकरण दिव्याच्या बाबतीत सरळ लागू पडत नाही.

जिनिव्हाचा करार :
डिसेंबर १९२४ मध्ये ओस्राम, फिलिप्स, टुंगस्राम, फ्रान्सची कोंपान्यी दे लांप इत्यादी उत्पादकांनी जिनिव्हा येथे 'फिबस' हा संघ स्थापन केला. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक आपल्या परदेशी संलग्न कंपन्यांमार्फत त्याच्याशी निगडित होती. बाजारपेठांची वाटणी, विक्रीचा हिस्सा आणि तांत्रिक माहितीची देवाणघेवाण ही करारातील प्रमुख कलमे होत. त्यासोबतच घरगुती दिव्याचे प्रमाण आयुष्य १००० तास निश्चित करण्यात आले. त्यापूर्वीचे दिवे १५०० ते २००० तासांपर्यंत चालत.

या निर्णयाची अंमलबजावणी अभियंत्यांच्या हाती होती. सदस्य कारखान्यांचे नमुने स्वित्झर्लंडमधील मध्यवर्ती प्रयोगशाळेत तपासले जात आणि दिवा ठरल्यापेक्षा अधिक काळ चालल्यास कारखान्याला स्विस फ्रँकमध्ये दंड होई. काही कारखाने व्होल्टेज किंचित वाढवून धरीत व दीर्घायुषी दिवे विकीत; अँटन फिलिप्स यांनी त्याविषयी नाराजी व्यक्त केली होती. १९२६ मध्ये सरासरी १८०० तास असलेले आयुष्य १९३३-३४ पर्यंत १२०५ तासांवर आले. १९२६-२७ मधील ३३.५७ कोटी दिव्यांची विक्री चार वर्षांत ४२.०८ कोटींवर गेली. स्वीडनच्या सहकारी चळवळीने 'लुमा' हा स्वतःचा कारखाना काढून संघाच्या किमतींना आव्हान दिले. १९५५ पर्यंतचा हा करार दुसऱ्या महायुद्धामुळे १९३९ मध्ये संपुष्टात आला.

मूल्यमापनातील मतभेद :
या घटनेचा निवाडा एकमुखी नाही. १९४९ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने जनरल इलेक्ट्रिकला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या भंगाबद्दल दोषी ठरविले. याउलट, ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९५१ च्या अहवालात आयुष्य मुद्दाम घटविल्याचा आरोप फेटाळला. कोणतेही प्रमाण आयुष्य ही तडजोडच असते आणि १००० तास ही उपलब्ध तडजोडींपैकी उत्तम होय, असे आयोगासमोर साक्ष देणाऱ्या तज्ज्ञांचे मत होते. १०० वॅटचा दिवा १००० तासांत १०० युनिट वीज खातो. विजेचा खर्च दिव्याच्या किमतीहून मोठा असल्यास अल्पायुषी पण तेजस्वी दिवा ग्राहकाला स्वस्त पडू शकतो, हा युक्तिवाद नाकारता येत नाही.

तथापि, हा युक्तिवाद दंडपद्धतीचे समर्थन करू शकत नाही. तडजोड केवळ कार्यक्षमतेसाठी असती, तर तितकाच तेजस्वी असून अधिक टिकणारा दिवा बनविणाऱ्यास शिक्षा करण्याचे कारण नव्हते. येथे भौतिकशास्त्रातील एक खरी मर्यादा व्यापारी हेतूचे आवरण बनली.

वर्तमान संदर्भ :
५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले. एलईडीचा मूळ घटक दीर्घकाळ टिकतो. परंतु त्याला वीज पुरविणाऱ्या मंडलातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने अनेकदा आधी निकामी होतो. आवरण चिकटवून बंद केलेले असेल, तर लहानशा भागासाठी संपूर्ण दिवा टाकावा लागतो. युरोपीय संघाने सप्टेंबर २०२१ पासून प्रकाशस्रोत बदलता येण्याविषयी नियम लागू केले. भारतात डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' संकेतस्थळ सुरू झाले. १९२४ चा प्रश्न नव्या स्वरूपात कायम आहे, असे म्हणावे लागते.

निष्कर्ष :
१. वस्तूचे आयुर्मान हा तांत्रिक, आर्थिक व सामाजिक निर्णयांचा संयुक्त परिणाम आहे.
२. अभियंत्याची तडजोड अपरिहार्य असते. ती गुप्त ठेवली जाते तेव्हा ती अन्यायकारक ठरते.
३. फिबसकडे केवळ कटकारस्थान किंवा केवळ शास्त्रीय गरज म्हणून पाहणे, या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत.
४. भौतिकशास्त्र, वाणिज्य व इतिहास या विभागांनी असे विषय एकत्रितपणे हाताळल्यास विद्यार्थ्याला घरातील वस्तूही ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून वाचता येतील.