दासगणूंची चिपळी

नांदेड जिल्ह्यातील उमरी तालुक्यात गोरटे नावाचे गाव आहे. तेथे ज्यांची समाधी आहे, त्या कीर्तनकाराची पदे व ओव्या महाराष्ट्रात घरोघर म्हटल्या जातात; म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांस कर्त्याचे नाव ठाऊक नसते, ही गोष्ट निराळी.

गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, म्हणजेच दासगणू महाराज, यांचा जन्म १८६८ साली नगरजवळील अकोळनेर येथे झाला. शिक्षण बेताचे, नोकरी पोलीस शिपायाची आणि छंद लावण्या रचण्याचा. तमाशाच्या फडात उभ्याउभ्या कवन जुळविणारा हा शिपाई मनात मात्र फौजदारीचे मांडे खात होता. नानासाहेब चांदोरकरांनी त्यांस शिर्डीस नेले. साईबाबांनी नोकरी सोडावयास सांगितले. पण बढतीचा मोह लवकर सुटेना. अखेर नोकरी सुटली, आणि लावणीत मुरलेला तोच हात पुढे कीर्तनाच्या कामी आला.

पहिल्याने ते अंगरखा, उपरणे, फेटा अशा थाटात कीर्तनास निघत. नवरदेवासारखा हा साज कशाला, असे बाबांनी विचारल्याचे ‘साईसच्चरिता’त आहे. तेव्हापासून उघडे अंग, गळ्यात हार आणि हाती चिपळी एवढ्यावरच त्यांनी भागविले. वेष उतरला तसा गाण्याचा रोखही आत वळला. शिर्डीलाच पंढरी मानणाऱ्या त्यांच्या प्रसिद्ध पदात चंद्रभागा म्हणजे भक्ती आणि पुंडलिक म्हणजे मनातील भाव. तीर्थ सारे अंतरातच आणून ठेवले आहे.

ईशावास्योपनिषदावर मराठीत लिहिताना त्यांस एक शंका पडली. पार्ल्यास काकासाहेब दीक्षितांच्या घरी एक मोलकरीण मुलगी फाटक्या लुगड्यात नारिंगी साडीचे गाणे गात असे. तिला नवी साडी मिळाली. ती नेसून मिरविली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंध्याच नेसून ती तितक्याच आनंदाने गाऊ लागली. आनंद वस्त्रात नाही, हे पंडितांच्या भाष्यांतून न उमगलेले त्यांस त्या पोरीच्या गाण्यातून उमगले.

काव्यपंडितांस त्यांची ओवी सैल वाटेल, आणि ते खोटेही नव्हे. पण ती वाचणाऱ्याच्या तोंडी सहज बसते. ‘गजानन विजय’ हा त्यांचा एकवीस अध्यायांचा ग्रंथ १९३९ साली शेगावी पूर्ण झाला. दासगणू १९६२ साली पंढरपुरी निवर्तले. त्या ग्रंथाची पारायणे आजही नांदेड-लातूरकडच्या घरांतून चालू आहेत.