अमळनेरचे कागद

अमळनेरची आहे म्हटलं की पुण्या-मुंबईत समोरचा माणूस दोनपैकी एक प्रश्न विचारतो. वयाने मोठा असेल तर साने गुरुजी शिकवायचे ती शाळा अजून आहे का, असं विचारतो. तरुण असेल तर विचारतो, ‘मग घरात विप्रोचे शेअर असतील ना?’ त्याच्या मनात एक गणित असतं. ते खरं आहे, म्हणून आधी तेच मांडते.

१९८० साली शंभर रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर घरात होता असं धरा. १९८१ साली एकाला एक बोनस मिळाला, दोन झाले. १९८५ साली पुन्हा तसाच, चार झाले. १९८६ साली शंभराच्या शेअरचे दहा-दहाचे तुकडे पडले, चाळीस. मग १९८७, १९८९, १९९२, १९९५ असे चार वेळा दुप्पट. १९९७ साली एकावर दोन. १९९९ साली दहाच्या शेअरचे दोन-दोन रुपयांचे पाच भाग. २००४, २००५ आणि २०१० साली पुन्हा बोनस, आणि त्या एका कागदाचे ९६,००० शेअर झाले. २०१७, २०१९ आणि २०२४ चे बोनस धरले तर पाच लाख बारा हजार. आजच्या भावाने काही कोटी रुपये. वर्षावर्षाचा लाभांश वेगळाच.

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ही गोष्ट कधी अशी सांगितली नाही. त्यांची गोष्ट भुईमुगाच्या शेंगांपासून सुरू व्हायची.

मोहम्मद हशम प्रेमजी हे मुंबईचे व्यापारी. २९ डिसेंबर १९४५ रोजी त्यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी, म्हणजे आजची विप्रो, नोंदवली आणि कारखाना काढला तो अमळनेरला. तेव्हाच्या पूर्व खानदेशात भुईमूग उदंड पिकायचा, आणि सुरत-भुसावळ रेल्वे गावातून जात होती. तेलाच्या कारखान्याला दुसरं काय हवं? सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण, हे त्या कारखान्याचे पहिले नावाजलेले माल. अण्णा तिथे वजनकाट्यावर होते. शेंगांच्या बैलगाड्या पहाटेपासून फाटकाबाहेर लागायच्या, त्या कशा लागायच्या ते सांगताना त्यांचा आवाज चढायचा.

कंपनीने सुरुवातीलाच लोकांकडून भांडवल घेतलं, आणि तिचे काही शेअर हळूहळू गावात आले. अडते, किराणा दुकानदार, मास्तर, एखादा बागाईतदार. अण्णांनी घेतले ते पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी, गाव सोडून निघालेल्या एका व्यापाऱ्याकडून. महिन्याच्या पगारात एक कागद बसत नव्हता. मग का घेतले, असं मी विचारलं होतं. त्यांचं उत्तर साधं होतं. कारखाना रोज डोळ्यांसमोर चालताना दिसत होता. माल किती आला, किती डबे गेले, रात्रपाळी चालू आहे की बंद, हे त्यांना काट्यावर उभ्या उभ्या कळायचं.

अण्णांच्या आईला मात्र हे पसंत नव्हतं, आणि तिच्या विरोधाला मोठा जुना इतिहास होता. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या काळात लोकांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या होत्या, असं ती तिच्या सासऱ्यांकडून ऐकलेलं सांगायची. तो पैसा मुंबईत गेला आणि तिथे शेअरांचं वेड लागलं. बॅक बेचा समुद्र बुजवणाऱ्या कंपनीपासून नुसत्या नावाच्या बँकांपर्यंत सगळ्यांचे कागद लोक घेत होते, आणि प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे राजे होते. १८६५ च्या वसंतात युद्ध संपलं, कापूस कोसळला, आणि वायद्याच्या हिशोबाचा १ जुलै उजाडला तेव्हा मुंबईतली कितीतरी घराणी बसली होती. बँक ऑफ बॉम्बेही पुढे बुडाली. दलालांनी त्यातून सावरून १८७५ साली आपली संघटना बांधली, तीच आजची बीएसई. पण दलाल सावरले म्हणून खानदेशातला शेतकरी सावरला असं नाही. कापसाच्या भावावर काढलेलं कर्ज भाव गेल्यावरही सावकाराच्या वहीत तसंच राहिलं. पणजीला मुंबईच्या कागदाची धास्ती वाटायची ती या वहीमुळे. तिची धास्ती आणि अण्णांचा भरवसा, दोन्ही मला खरे वाटतात. बाजाराचा इतिहास वाचताना मी दोघांनाही सोबत घेते.

१९६६ साली हशम प्रेमजी अचानक गेले. मुलगा अझीम तेव्हा एकवीस वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होता, तो शिक्षण अर्धवट सोडून परत आला. भागधारकांच्या सभेत एकाने उठून त्याला तोंडावर सांगितलं की तुला हे जमणार नाही, कुणा जाणत्या माणसाला कंपनी विकून टाक. हा किस्सा पुढे देशभर छापून आला, पण गावात तो आधीपासून माहीत होता, आणि अनेकांना त्या भागधारकाचं बोलणं पटलंही होतं. अण्णांचं मत बदललं ते काट्यावर. पूर्वी खरेदीदार शेंग फोडून दाणा दाताखाली घालायचा, बोटांनी दाबून बघायचा आणि भाव ठरवायचा. ते जाऊन दाण्यातला ओलावा आणि तेलाचं प्रमाण मोजणं आलं. जुने खरेदीदार चिडले. शेतकरी आधी बिचकले, मग ज्यांचा माल चांगला होता ते खूश झाले. ‘त्या दिवशी कळलं की पोरगा राहणार,’ असं अण्णा म्हणायचे. ताळेबंद त्यांनी आयुष्यात वाचला नव्हता. पण कंपनी कशी चालते हे पाहण्याची त्यांची जागा अशी होती की मोठ्या दलालालाही तिचा हेवा वाटावा.

आणि तरीही अण्णांनी शेअर विकले. १९७२ च्या दुष्काळात विहीर आटली. ती खोल करायला सुरुंग लावावे लागले, त्यात काही गेले. फुईला, म्हणजे माझ्या आत्याला, डी.एड.ला घातलं, त्यात काही. उरलेले १९८४ साली घर बांधताना. पुढच्याच वर्षी बोनस आला. पाहुणेरावळे अजून हळहळतात, ‘राहू दिले असते तर!’ मला ही हळहळ मान्य नाही. त्या विहिरीवर आमची जमीन टिकली. फुईने तीस-पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि तिच्या पगारावर दोन घरं उभी राहिली. अडीनडीला मोडता यावा म्हणूनच साधा माणूस पैसा बाजूला टाकतो. तो मोडला म्हणून त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी दुष्काळात टँकरची वाट पाहिलेली नसते.

ज्यांनी ठेवले, त्यांच्या धीराचंही फार कौतुक होतं. त्याची एक गोष्ट आमच्या गल्लीतलीच आहे. शेजारच्या दुकानदार काकांना ऐंशीच्या दशकात मुलीच्या लग्नासाठी शेअर विकायचे होते. तेव्हा विकणं म्हणजे हस्तांतरणाचा फॉर्म भरायचा, त्यावर स्टॅम्प लावायचे, सही करायची आणि सर्टिफिकेटसह रजिस्टर पोस्टाने मुंबईच्या दलालाकडे पाठवायचं. काकांची कंपनीकडे नोंदलेली सही मोडी लिपीत होती. मधल्या काळात ते बाळबोध सही करायला लागले होते. कागद परत आले, सही जुळत नाही. त्यांनी आठवून आठवून मोडीत सही केली, तर हात थरथरला आणि कागद पुन्हा परत आले. काकू वैतागून म्हणाल्या, ‘आते इकानं नही!’ आता विकायचंच नाही. लग्न पतपेढीच्या कर्जावर झालं. कागद कपाटात गेले ते नातू मोठा होईपर्यंत तिथेच होते. आज त्या घराचा वाडा लोक बोट दाखवून दाखवतात.

म्हणून मी ही गोष्ट गुंतवणुकीचा धडा म्हणून सांगत नाही. त्या काळी विकणंच इतकं अवघड होतं की माणूस आपोआप थांबायचा. फेब्रुवारी २००० मध्ये संगणक कंपन्यांचे भाव शिगेला पोचले आणि पुढच्या दीड वर्षात, तोवर संगणक कंपनी झालेल्या विप्रोच्या भावाचा पाचवा हिस्साही उरला नाही. अमळनेरातल्या कित्येक म्हाताऱ्यांना ही पडझड जाणवलीही नाही, कारण त्यांना भाव माहीत असायचा तो लाभांशाचं पाकीट आलं की.

याच गावात दुसरेही कागद होते, आणि त्यांच्याबद्दल मला कुणीच विचारत नाही. प्रताप शेठजींची कापडगिरणी तेलाच्या कारखान्याच्या कितीतरी आधीची. गाव तिच्या भोंग्यावर उठायचं. कॉलेजला आणि शाळेला शेठजींचंच नाव. आमच्या आजीच्या माहेरी गिरणीचे कागद होते, आणि ते घेणाऱ्यांनी अण्णांसारखाच विचार केला होता: कारखाना डोळ्यांसमोर चालू आहे, शेठ सचोटीचा आहे, कापड सगळ्यांना लागतं. देशभरातल्या कापडगिरण्यांची पडझड झाली तशी तिचीही झाली. ते कागद कपाटातच रद्दी झाले. एकाच गावात, एकाच विचाराने घेतलेल्या दोन कागदांपैकी एकाचीच गोष्ट जग सांगतं. नव्या गुंतवणूकदाराला मी दोन्ही सांगते, आणि गिरणीची आधी.

आता सगळं बदललं आहे. १९९२ साली बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीला कायद्याचं बळ मिळालं, १९९४ साली एनएसईचे व्यवहार सुरू झाले, १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्याने कागद जाऊन डिमॅट आलं. सही न जुळण्याची कटकट संपली, खोटे शेअर खपवणं संपलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये देशातली डिमॅट खाती दहा कोटींवर गेली. हे सगळं चांगलंच झालं. पण अडसर गेला तसा थांबाही गेला. माझा भाचा जळगावात मोबाइलवर ऑप्शन घेतो, सकाळी घेतो आणि दुपारी विकतो. सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या शंभर साध्या गुंतवणूकदारांपैकी ९३ तोट्यात होते, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. मी त्याला हा आकडा दाखवला. तो म्हणाला, ‘मावशी, उरलेले सात कोण ते बघ ना.’ त्याला मी गिरणीची गोष्ट सांगायला घेतली, तेवढ्यात बाजार उघडला.

फुईकडे दुसऱ्या एका कंपनीचे थोडे शेअर होते. ती गेल्यावर ते डब्यात सापडले. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात, तसे तेही गेले आहेत. परत मिळतात, पण मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, पॅन, कंपनीचं पत्र आणि मग त्या निधीचा आयईपीएफ-५ हा अर्ज, अशी रांग आहे. हे मी भाच्याकडूनच करून घेते आहे. लग्नानंतर फुईचं नाव बदललं आणि सर्टिफिकेटवर माहेरचंच राहिलं, तिथे सध्या अडलं आहे. अमळनेर नगरपरिषदेत लग्नाची नोंद सापडते का ते बघायला तो जाणार आहे.