दिवस-रात्र चक्र (निवांत व्हिडिओ गेममधील)

शेती, मासेमारी, घरसजावट अशा निवांत व्हिडिओ गेममध्ये उजाडणे-मावळणे घडवून आणणारी योजना. तिचे दोन भाग असतात : वेळ मोजणारे घड्याळ आणि त्या वेळेप्रमाणे बदलणारा उजेड. मारधाडीच्या खेळात रात्र धोका घेऊन येते. इथे तिचे मुख्य काम कामाचा दिवस आवरता घेण्याचे असते, म्हणून या प्रकारात उजेडापेक्षा घड्याळाचा हिशेब महत्त्वाचा.

या शेतीखेळांचा मूळपुरुष म्हणजे १९९६ मध्ये जपानात आलेला ‘हार्वेस्ट मून’. त्यात संध्याकाळी सहाला घड्याळ थांबे आणि झोपेपर्यंत रात्र तशीच राही. अंगात त्राण असेल तोवर नांगरत राहा. एरिक बॅरोन यांच्या ‘स्टारड्यू व्हॅली’ने (२०१६) ही सवलत काढून घेतली. तिथला दिवस सकाळी सहाला सुरू होऊन रात्री दोनला संपतो. खेळातली दहा मिनिटे खऱ्या सुमारे सात सेकंदांत सरतात, म्हणजे अख्खा दिवस साधारण चौदा मिनिटांचा. दोनपर्यंत अंथरूण गाठले नाही तर पात्र जागच्या जागी कोसळते आणि खिशातले थोडे पैसे जातात. एकट्याने खेळताना पिशवी उघडली की काळ थांबतो. मित्रांसोबत खेळताना मात्र एकाच्या शोधाशोधीसाठी बाकीच्यांचा दिवस अडत नाही. शिवाय खेळ जतन होतो तो झोपल्यावरच. ‘आणखी एकच दिवस’ म्हणत मध्यरात्र उलटते, त्यामागे हीच मेख आहे.

उजेडाचे तंत्र त्यामानाने सोपे. त्रिमित खेळात दूरवरून येणारा एकच प्रकाशस्रोत वेळेनुसार फिरवतात, त्याचा रंग सकाळच्या पिवळसरपासून रात्रीच्या निळ्यापर्यंत नेतात आणि दिवेलागणीला खिडक्या उजळतात. द्विमित खेळात चित्रावर रंगाचा पातळ पडदा चढवला तरी भागते. सूर्य अगदी डोक्यावर आणणे बहुधा टाळतात, कारण सावल्या नाहीशा झाल्या की दृश्य सपाट दिसते. बंगळूरुत हे वर्षातून दोनदा खरोखर घडते : २४ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या सुमारास, दुपारी सव्वाबाराच्या पुढेमागे, उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच विरते.

त्याच शहरातल्या बनशंकरीत काळ मोजण्याची एक निराळी तऱ्हा रोजच्या वापरात आहे. तिथल्या बनशंकरी देवीची पूजा राहुकाळात करण्याची प्रथा आहे; एरवी अशुभ मानलेल्या त्या वेळी बायका लिंबाच्या उलट्या केलेल्या सालीत तेलवात घालून दिवे लावतात. राहुकाळ म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचा एक अष्टमांश. साधारण तेरा अंश उत्तर अक्षांशावर सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तास २२ मिनिटांचा आणि सर्वांत मोठा १२ तास ५३ मिनिटांचा, म्हणून काटेकोर गणिताने हा अष्टमांश वर्षभरात ८५ ते ९७ मिनिटांच्या दरम्यान हलतो. पुष्कळ दिनदर्शिका सरसकट दीड तास छापतात, ती सोय झाली. ‘स्टारड्यू’मध्ये हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, पण दिवसाचे तास तेवढेच राहतात, उन्हाबरोबर ताणणारी-आखडणारी घटिका निवांत खेळांनी अजून फारशी हाताळलेली नाही. हाताळावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ची मालिका (२००१ पासून) तिसऱ्या टोकाला आहे. तिथे वेगळे घड्याळच नाही. यंत्रातली वेळ हीच खेळाची वेळ. २०२० च्या ‘न्यू होरायझन्स’मध्ये उत्तर किंवा दक्षिण गोलार्ध निवडता येतो, पण अक्षांश नाही. त्यामुळे बनशंकरीत पंखा लावून बसलेल्याच्या खेळातल्या बेटावरही जानेवारीत बर्फ असते. बेटावरचे दुकान रात्री दहाला बंद होते. ऑफिसातून उशिरा परतणाऱ्याने माल दाराबाहेरच्या पेटीत टाकावा, भाव मात्र ८० टक्केच मिळतो. नवा दिवस पहाटे पाचला लागतो, त्यामुळे उत्तररात्रीपर्यंत जागणाऱ्याचा ‘आज’ मोडत नाही. यंत्राची तारीख बदलून पुढेमागे जाण्याची पळवाट सर्वांना ठाऊक आहे आणि खेळ ती बहुतांशी चालवूनही घेतो. अपवाद सलगमच्या सट्ट्याचा : रविवारी सकाळी घेतलेले सलगम घड्याळ मागे फिरवताच कुजतात.