एका मुलखाची अनेक नावे

खालापूर-कर्जतकडच्या एखाद्या घरात जुनी कागदपत्रे बाहेर काढली की आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर किंवा जमिनीच्या सातबाऱ्यावर 'जिल्हा कुलाबा' असे लिहिलेले सापडते. नातवाच्या दाखल्यावर मात्र 'जिल्हा रायगड' असते. घर तेच, जमीन तीच. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री होते याच जिल्ह्यातल्या आंबेतचे बॅ. अ. र. अंतुले. शिवरायांच्या राजधानीचे नाव जिल्ह्याला मिळाले ते एका कोकणी मुसलमान मुख्यमंत्र्याच्या कारकिर्दीत, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगितले पाहिजे.

खुद्द त्या गडाचीही नावे बदलली. तो आधी रायरी होता. शिवाजी महाराजांनी तिथे राजधानी केली आणि तो रायगड झाला. १६८९ मध्ये तो मोगलांनी घेतला तेव्हा औरंगजेबाने त्याला 'इस्लामगड' नाव दिले. १७३३ मध्ये गड पुन्हा मराठ्यांकडे आला. बादशहाने दिलेले नाव आज इतिहासाच्या पुस्तकात आहे, लोकांच्या तोंडी नाही. नाव फर्मानाने देता येते. ते टिकवणे लोकांच्या हाती असते.

देशांच्या नावांचेही असेच आहे. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. माणूस आपल्या देशाला एका नावाने ओळखतो, शेजारी दुसऱ्या नावाने हाक मारतो आणि समुद्रापलीकडून आलेला व्यापारी तिसरेच नाव घेऊन जातो.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. मुरूडचे सिद्दींचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. त्याला जंजिरा म्हणत आणि हबसाणही म्हणत. 'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा' म्हणजे बेट यावरून आला. 'हबसाण' म्हणजे हबशांचा मुलूख. एक नाव जागेवरून पडले, दुसरे राज्यकर्त्यांच्या मूळ देशावरून.

तो मूळ देश म्हणजे हबशा. उर्दू माध्यमाच्या वर्गात सीरतचा धडा आला की मुले हबशाच्या हिजरतीची आणि नजाशी बादशहाची हकीकत ऐकतात. मग नकाशात हबशा शोधू लागतात आणि तो सापडत नाही. नकाशावर इथिओपिया असतो. अरबांच्या 'हबश'वरूनच युरोपियनांनी ॲबिसिनिया केले. इथिओपिया हे नाव मूळचे ग्रीकांचे, पण त्या देशाने ते आपले मानले. मिस्र आणि इजिप्त, यूनान आणि ग्रीस या जोड्यांनीही मुले अशीच गोंधळतात. ग्रीक लोक आपल्या देशाला ग्रीसही म्हणत नाहीत आणि यूनानही नाही. ते 'एलाडा' म्हणतात. पूर्वेकडच्यांना आधी भेटले ते आयोनियाचे ग्रीक, म्हणून सारा देश यूनान झाला. पार्स या एका प्रांतावरून साऱ्या इराणला पर्शिया म्हटले गेले. १९३५ मध्ये इराण सरकारने इतर देशांना कळवले की आम्हाला इराण म्हणा. सिलोनचे श्रीलंका झाले १९७२ मध्ये, बर्माचे म्यानमार १९८९ मध्ये. तरी जुनी नावे लोकांच्या बोलण्यातून लगेच गेली नाहीत.

आता आपल्या वतनाकडे येऊ. सिंधू नदीवरून इराणी लोकांनी या भूमीला 'हिंदू' म्हटले. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दारयवहूच्या शिलालेखांत 'हिंदुश' हा प्रांत आहे. तेव्हा तो शब्द धर्माचा नव्हता, नदीकाठच्या मुलखाचा होता. इराण्यांकडून तो ग्रीकांकडे गेला आणि त्यातून 'इंडिया' निघाले. अरबांनी 'हिंद' म्हटले. फारसीने 'हिंदुस्तान' केले. मराठीने त्याचे 'हिंदुस्थान' केले. पण पेशवाईच्या कागदांत हिंदुस्थानावर स्वारी म्हणजे उत्तरेवर स्वारी, दक्षिण त्यात धरलेली नसे. 'भारत' हे नाव पुराणांत येते, आणि खारवेल राजाच्या हाथीगुंफा शिलालेखातही येते.

म्हणजे भारत हे आतून आलेले नाव. इंडिया आणि हिंदुस्तान ही बाहेरून आलेली; पण त्यांचे मूळ आपल्याच नदीत आहे. घटना समितीत १८ सप्टेंबर १९४९ रोजी यावर मतदान झाले. ह. वि. कामत यांनी 'भारत' आधी यावे अशी दुरुस्ती मांडली. ती ३८ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळली गेली आणि पहिल्या अनुच्छेदात 'इंडिया' व 'भारत' दोन्ही नावे राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या निमंत्रणावर 'प्रेसिडेंट ऑफ भारत' असे छापले गेले तेव्हा हा वाद पुन्हा पेटला. राज्यघटनेने मात्र दोन्ही नावे आधीच मान्य केलेली आहेत.

'हिंदुस्तान' घटनेच्या या अनुच्छेदात नाही, पण इक्बालांनी १९०४ मध्ये लिहिलेल्या तराण्यात आहे आणि तो तराणा शाळाशाळांतून गायला जातो. आमच्या उर्दू शाळांत रोजच्या प्रतिज्ञेत 'भारत' आणि 'मुल्क' हे शब्द शेजारी शेजारी येतात. मुले ते म्हणतात आणि त्यांना त्यात काही खटकत नाही. खटकते ते मोठ्यांना. कोणी हिंदुस्तान म्हटले की त्याच्या निष्ठेची चौकशी, कोणी भारत म्हटले की त्याच्या पक्षाची. इतिहास वाचणाऱ्याने या भांडणात पडू नये. नाव सांगते ते इतकेच, की बोलणाऱ्याच्या घरात ते कोणत्या भाषेतून, कोणत्या वाटेने आले. आईला कोणी आई म्हणतो, कोणी अम्मी. तिच्यावर कोणाची माया किती, हे या हाकेवरून ठरत नाही. ती आजारी पडल्यावर उशाशी कोण बसतो, त्यावरून ठरते.