घराचा उंबरठा आणि टीव्हीची तार

#थ्रेड

१/ १९८९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे वरकरणी अगदी साधा वाटणारा एक प्रश्न आला. आपापल्या घरी, आपापल्या टीव्हीसमोर बसून चित्रपट पाहणारी कुटुंबे ही ‘जनता’ की खासगी प्रेक्षक? ‘गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलीलिंक’ या नावाने ओळखला जाणारा हा खटला वकिलांना परिचित आहे, इतिहासप्रेमींना फारसा नाही. वास्तविक आज घरात दुसरा टीव्ही लावताना जी कटकट होते, तिची मुळे या प्रश्नाजवळ सापडतात.

२/ थोडी पार्श्वभूमी. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत चित्र आले आणि त्याच सुमारास व्हीसीआरही मध्यमवर्गीयांच्या बोलण्यात आला. मात्र तो महाग होता. मुंबईच्या उंच इमारतींनी यावर सोपा तोडगा काढला: व्हीसीआर एकच, बघणारी घरे अनेक.

३/ ही व्यवस्था नीट समजून घेण्यासारखी आहे. तळमजल्यावरच्या किंवा गच्चीवरच्या खोलीत व्हीसीआर ठेवायचा. त्यातले चित्र मॉड्युलेटर नावाच्या उपकरणाने एखाद्या रिकाम्या चॅनेलच्या लहरींवर चढवायचे. मग अ‍ॅम्प्लिफायरमधून ते जिन्याच्या कडेने किंवा पाइपांच्या डक्टमधून सोडलेल्या कोअ‍ॅक्सिअल तारेत ढकलायचे. प्रत्येक मजल्यावर तारेला फाटा. घरातल्या टीव्हीला वाटे, दूरदर्शनसारखेच आणखी एक केंद्र लागले आहे. एका कॅसेटवर अख्खी इमारत चित्रपट पाही.

४/ चित्रपटाचे हक्क ज्यांच्याकडे होते, त्यांच्या पोटात गोळा येणे स्वाभाविक होते. कॅसेट विकली ती एका घराने पाहावी म्हणून. इथे ती वर्गणीदारांच्या जाळ्यावर चालत होती. उलट बाजूचा मुद्दाही हास्यास्पद नव्हता. चित्रपटगृह कुठे आहे? गर्दी कुठे आहे? प्रत्येक जण स्वतःच्या दिवाणखान्यात बसला आहे, मग यात सार्वजनिक ते काय?

५/ न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी (पुढे त्या याच न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती झाल्या) प्रश्नाची दिशाच बदलली. प्रेक्षक बसला कुठे यापेक्षा तो कोण आहे आणि हक्कधारकाशी त्याचे नाते काय, हे त्यांनी महत्त्वाचे मानले. पैसे भरून केबलची जोडणी घेणारी, एरवी एकमेकांशी संबंध नसलेली कुटुंबे हा जनतेचाच एक भाग ठरतो. त्यामुळे परवानगीवाचून असे प्रक्षेपण करता येणार नाही, असा कौल पडला.

६/ १९९४ च्या दुरुस्तीने संसदेने हाच धागा कॉपीराइट कायद्यात विणला. उपग्रह, केबल वा अन्य साधनाने एकाच वेळी ‘एकाहून अधिक कुटुंबांपर्यंत किंवा निवासस्थानांपर्यंत’ पोहोचवलेली कलाकृती जनतेपर्यंत पोहोचवली असे समजावे, आणि हॉटेल व वसतिगृहाच्या खोल्याही त्यात धराव्यात, असे स्पष्टीकरण जोडले गेले.

७/ या वाक्यात एक रेघ दडली आहे आणि ती घराच्या उंबरठ्यावर ओढलेली आहे. तार एका घरातून दुसऱ्या घरात गेली, तर प्रश्न कायद्याचा. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात गेली, तर फक्त तारेच्या लांबीचा. ही विभागणी पुरेशी समंजस होती, आणि पुढे ती मोडली कशी हे पाहताना तिचा समंजसपणा अधिकच जाणवतो.

८/ नव्वदच्या दशकात उंबरठ्याच्या आत पूर्ण मोकळीक होती. आखाती युद्धाची दृश्ये, १९९१ चा स्टार टीव्ही, २ ऑक्टोबर १९९२ चे झी असे सारे एका काळ्या तारेतून येई. दुसऱ्या खोलीत टीव्ही हवा? विजेच्या दुकानातून स्प्लिटर आणायचा, तार कापायची, जोडायची. दोन फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक बाजूला निम्म्याहून किंचित कमी शक्ती, म्हणजे सुमारे ३.५ डेसिबलची घट. तिसरा-चौथा फाटा काढला की पडद्यावर मुंग्या दिसू लागत. शिक्षा काय ती एवढीच, आणि ती भौतिकशास्त्राने दिलेली.

९/ अ‍ॅनालॉग लहरीला कोण पाहते आहे याची खबर नसे. पाण्याला नळ मोजता येत नाहीत, तसेच.

१०/ मग आले हाय डेफिनिशन. आपल्याकडच्या जुन्या डिजिटल चित्रात ७२० × ५७६ बिंदू, एचडीत १९२० × १०८०, म्हणजे बरोबर पाचपट. सेकंदाला ६० पूर्ण चौकटी धरल्या आणि प्रत्येक बिंदूला २४ बिट दिले, तर उघडे, न दाबलेले चित्र सेकंदाला सुमारे ३ अब्ज बिटांचे होते. प्रक्षेपणात ते दाबून काही दशलक्ष बिटांवर आणतात, म्हणून जुन्या तारेतूनही ते घरापर्यंत सहज येते. मात्र सेट-टॉप बॉक्सने ते एकदा उलगडले की तो अजस्र प्रवाह पुढच्या खोलीत न्यायचा कसा, ही अडचण नवी होती.

११/ त्यासाठीची तार म्हणजे एचडीएमआय. डिसेंबर २००२ मध्ये तिचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. सोनी, तोशिबा, फिलिप्स यांच्यासह सात कंपन्या तिच्यामागे होत्या. तांब्याची ही तार दहा-पंधरा मीटरच्या पलीकडे रडू लागते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिच्यातून जाणाऱ्या चित्राला कुलूप असते. इंटेलने घडवलेल्या या कुलपाचे नाव एचडीसीपी. बॉक्स आधी टीव्हीला ओळख विचारतो, किल्ल्यांची देवाणघेवाण होते, आणि मगच चित्र सुटते. मध्ये बसवलेल्या स्प्लिटरलाही ही ओळखपरेड चुकत नाही. पहिल्या पिढीच्या एचडीसीपीत एका स्रोताखाली जास्तीत जास्त १२७ उपकरणे, तीही सात पातळ्यांपर्यंत, असा नियमच लिहिलेला होता. १९९४ च्या कायद्याने मोजली होती कुटुंबे; इथे घरातले पडदे मोजले जाऊ लागले.

१२/ सप्टेंबर २०१० मध्ये या कुलपाची मूळ किल्लीच इंटरनेटवर उघडी पडली आणि ती खरी असल्याची कबुली इंटेलला द्यावी लागली. तरी कुलूप काढले गेले नाही. त्याच वर्षी लांब अंतराच्या अडचणीवर उत्तर मिळाले. एचडीबेसटी या मानकाने साध्या इंटरनेटच्या तारेतून १०० मीटरपर्यंत एचडी चित्र नेले. ते आणणाऱ्या संघात सॅमसंग, एलजी आणि व्हॅलेन्सबरोबर सोनीची चित्रपट कंपनीही होती. तारेचे मानक ठरवताना चित्रपट कंपनी टेबलाशी बसते, यातच बरेच काही आले.

१३/ मुंबईकरांना हा बदल जाणवला २०१२ मध्ये. ३१ ऑक्टोबरच्या मुदतीनंतर महानगरातली अ‍ॅनालॉग केबल बंद करण्याचे ठरले. पंधरा-वीस वर्षे भिंतींतून फिरवलेल्या तारा रातोरात मुक्या झाल्या. तारेत चित्र होते, पण ते उघडण्याची परवानगी बॉक्समधल्या कार्डाला होती. टीव्ही दोन तर बॉक्स दोन. ज्यांना ते परवडेना, त्यांनी बॉक्सच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांतून आतल्या खोलीत तार ओढली. मग आजीला स्वयंपाकघरात तेच दिसे, जे नातू दिवाणखान्यात लावी, आणि तेही जुन्या, धूसर प्रतीचे.

१४/ त्याच वर्षी कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम आले. तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात कलाकृतीपर्यंत पोहोचू न देणारे कुलूप तोडणे हाच गुन्हा आहे. भारतीय संसदेने हेतूची अट राखली, हे तिच्या श्रेयात नोंदवायला हवे. कागदावर उंबरठ्याचा मान शाबूत राहिला, पण पिवळ्या पिनेची तार ओढणाऱ्याला त्या कागदाचा काडीचाही उपयोग नव्हता.

१५/ अखेर पडदे मोजण्याचे काम सरकारी नियमांतही शिरले. दूरसंचार नियामकाने १ जानेवारी २०२० च्या आदेशात एकाहून अधिक टीव्ही असलेल्या घरांचा वेगळा विचार केला: दुसऱ्या आणि पुढच्या प्रत्येक जोडणीसाठी नेटवर्क क्षमता शुल्क मूळ जाहीर दराच्या ४० टक्क्यांहून अधिक घेऊ नये. १३० रुपये मूळ दर असेल, तर दुसऱ्या टीव्हीचे कमाल ५२ रुपये. ही सवलतच होती आणि अनेक कुटुंबांनी तिचे स्वागत केले. विजेच्या दुकानातल्या स्प्लिटरसाठी पैसे एकदाच मोजावे लागत.